जिन्याखालचे

माझ्या बॅगेची चेन अडकली की मला एक माणूस आठवतो आणि तो आठवला की मी एकटीच हसत सुटते. आजूबाजूच्यांना वाटतं, चेन अडकल्यावर हसणारी ही बाई कोण. प्रत्येकाला समजावत बसायला वेळ नसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी तेव्हा बेंगळुरूत एका बँकेत होते. पुण्याहून बदली होऊन आलेली. राहायला येलहंका आणि शाखा कोरमंगल्यात, त्यामुळे दिवसाचा बराच भाग बसच्या खिडकीत जायचा. शाखेत माझ्याकडे नवीन खाती उघडायचं टेबल होतं. शाखेच्या मागच्या गल्लीत एक तीन मजली व्यापारी इमारत होती आणि तिच्या जिन्याखाली, जिथं एरवी लोक बादल्या आणि झाडू ठेवतात, तिथं हे गृहस्थ बॅगा दुरुस्त करत बसायचे. जागा तिरकी. एका टोकाला माणूस बसू शकेल एवढी उंची, दुसऱ्या टोकाला जेमतेम चप्पल मावेल एवढी. त्यांना मी उभं राहिलेलं पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या बँकेत आणि ते एवढे उंच असतील असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मूळचे निपाणीकडचे, पण चाळीस वर्षं बेंगळुरूत काढलेली. गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, मी काका म्हणायचे आणि ते मला अक्का. कन्नड माणसाशी ते कन्नड बोलत, तमिळ माणसाशी तमिळ, पीजीत राहणाऱ्या पोरांशी हिंदी आणि चेनशी मराठी. चेन हट्टाला पेटली की ते तिला निपाणीच्या भाषेत असं काही सुनावत, की पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा मला घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मी हसले, तसं त्यांनी वाक्य अर्ध्यावर सोडून वर बघितलं आणि मराठी काय म्हणून विचारलं. हो, पुण्याची, असं मी सांगितलं. त्यावर क्षणभर विचार करून ते "असू दे" म्हणाले आणि स्टूल पुढे सरकवलं. पुण्याच्या असण्याबद्दल मला इतक्या मोठ्या मनानं कुणी माफ केलं नव्हतं.

त्यांचा एक नियम होता. बॅग आली की ते वर्तमानपत्र पसरायचे आणि गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं बॅग त्यावर पूर्ण उलटी करायची. मागाहून अमुक गेलं, तमुक गेलं, ही भानगड नको, हे कारण सांगायला. खरं कारण हे की त्यांना लोकांच्या बॅगा वाचायचा नाद होता. खाली पडलेल्या ढिगाकडे एकदा बघून ते माणसाची कुंडली मांडायचे. एका पोराच्या बॅगेतून तीन कंपन्यांची ओळखपत्रं पडली, तेव्हा त्याला म्हणाले, चेन कसली बदलतोस, आधी एक जागा धर. एक नर्सबाई दर दोन महिन्यांनी तीच बॅग आणायच्या. त्यांना काकांनी सांगितलं की ही बॅग गावाला जाऊन येऊ दे, म्हणजे आपोआप नीट होईल. आणि त्या खरंच रजा काढून गेल्या.

माझ्या बॅगेतून बँकेची तीन पेनं, वाळलेला कढीपत्ता आणि चार घड्या घातलेला एक अर्ज पडला. अर्ज पुण्याला परत बदली मिळावी म्हणून लिहिलेला होता आणि बरेच महिने बॅगेतच फिरत होता. वर्तमानपत्रावर पडलं ते वाचायचंच असा त्यांचा खाक्या, त्यामुळे त्यांनी तो शांतपणे वाचला. मला वाटलं आता उपदेश ऐकावा लागणार. ते फक्त एवढंच म्हणाले की यावर तारीख घातलेली नाही, आणि आरी उचलून कामाला लागले.

मोठ्या अक्षरांत नाव छापलेल्या बॅगांवर त्यांचा भारी राग. कंपन्या, परिषदा, शिबिरं यांतून फुकट मिळणाऱ्या बॅगा समोर आल्या की त्यांचा चेहरा आंबट व्हायचा. ज्या बॅगेवर नाव मोठं तिची चेन आधी जाते, हे ते वैद्यानं नाडी बघून सांगावं तसं सांगत. म्हणूनच त्यांनी दुकानाला पाटी लावली नव्हती. पाटी सोडा, नावच नव्हतं. आपलं नाव आपण सांगत सुटायचं नसतं, चार लोक म्हणतील ते खरं, असं त्यांचं तत्त्व होतं.

आता कुणी म्हणेल, मग बिलं कशी देत होते. तर ती त्यांची खास पद्धत. साध्या कागदाचं पॅड, खाली कार्बन. हिशेब लिहून झाला की पेन वरच्या रिकाम्या जागेवर टेकवून ते गिऱ्हाइकाला विचारायचे, "वर काय लिहू?" गिऱ्हाईक दुकानाला ज्या नावानं ओळखत असेल, ते नाव ते वर लिहायचे, तेही वळणदार अक्षरात. नर्सबाई म्हणाल्या चेन शॉप, तर चेन शॉप. समोरचा झेरॉक्सवाला म्हणाला लकी झिप, तर लकी झिप. या प्रश्नाशिवाय त्यांनी चाळीस वर्षांत एकही बिल फाडलं नसेल.

एक दिवस ते बँकेत टोकन घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. इमारत विकली गेली होती आणि नव्या मालकानं नोटीस लावली होती. यापुढं प्रत्येक भाडेकरार दुकानाच्या नावानं होणार, भाडं दुकानाच्याच बँक खात्यातून घेणार. पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत जो खाते क्रमांक देणार नाही, त्यानं जागा सोडायची. जिन्याखाली पार्सल ठेवायचे लोखंडी लॉकर बसवायचं ठरलंच होतं, माणूस येऊन माप घेऊनही गेला होता. काकांनी हे सगळं दुसऱ्या कुणाची बातमी सांगावी तसं सांगितलं. पण चेनला चोळायला त्यांच्या खिशात नेहमी मेणबत्तीचा तुकडा असायचा, तो त्यांच्या हातात होता आणि दाबून दाबून पार मऊ झाला होता.

मी अर्ज भरायला घेतला आणि पहिल्याच ओळीवर गाडी अडली. व्यवसायाचे नाव. काका म्हणाले, "ते तुम्हीच घाला की."

मी त्यांना नियम समजावला. धंदा एकट्याच्या मालकीचा असला की कायद्यानं माणूस आणि दुकान एकच असतात, पण बँकेला समोर उभा असलेला माणूस पुरत नाही. त्या नावाचं दुकान खरोखर चालतं हे दाखवणारे दोन कागद लागतात. काकांनी हे लक्षपूर्वक ऐकलं, कन्नडमध्ये सरी, म्हणजे बरं, म्हणाले आणि गेले. मी निर्धास्त झाले, आणि तिथंच चुकले.

दुसऱ्या दिवशी ते बिस्किटांचा मोठा डबा घेऊन आले. आत वर्षानुवर्षांच्या बिलांच्या कार्बन प्रती, नावाप्रमाणे गठ्ठे करून, रबर लावून ठेवलेल्या. "एका नावाचा पुरावा मागितलासा," ते म्हणाले. "हितं एकोणचाळीस हायत. कुठलंबी उचला."

मी चाळून बघितलं. चेन शॉप, लकी झिप, बॅग अण्णा, लगेज क्लिनिक आणि असं बरंच काही. एका स्टार्टअपवाल्या पोराच्या बिलावर तर स्टेअरकेस सर्व्हिसेस प्रायव्हेट लिमिटेड असं लिहिलं होतं. नेमके त्याच वेळी आमचे मॅनेजर माझ्या मागे येऊन उभे राहिले. मॅनेजर लखनौकडचे, सज्जन माणूस, पण नुकतेच फसवणूक कशी ओळखावी याचं तीन दिवसांचं शिबिर करून आले होते. प्रायव्हेट लिमिटेड हे शब्द वाचून त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला. एका माणसाच्या नावावर एकोणचाळीस कंपन्या, असं त्यांनी मला केबिनमध्ये नेऊन हळू आवाजात सांगितलं. शिबिरात अगदी हेच दाखवलं होतं म्हणे.

मी त्यांना बॅगा, चेन आणि पॅड हे सगळं समजावलं. माझं ऐकताना ते माझ्याकडेच संशयानं बघायला लागले, कारण तो माणूस आणि मी एकाच भाषेत बोलतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. शेवटी त्यांनी निकाल दिला. एक नाव, एक सरकारी कागद, आणि दुसरा कागद नसेल तर ते स्वतः जागेवर जाऊन खात्री करतील. मी सोबत यायचं, पण तोंड उघडायचं नाही.

सरकारी कागद सोपा होता. छोट्या उद्योगांची नोंदणी ऑनलाइन होते, आधार कार्ड आणि दुकानाचं नाव भरलं की प्रमाणपत्र हातात. शुक्रवारी काकांना शेजारी बसवून मी ते पान उघडलं. नाव भरायची जागा आली आणि काका छताकडे बघायला लागले. बाहेर टोकनांची रांग, सोमवार तोंडावर आणि हे बसलेत पंखा मोजत. मी चिडून म्हटलं, काका, काहीतरी बोला. त्यांनी मलाच उलट विचारलं, "तुम्ही काय म्हंता आमच्या दुकानाला?"

मी दुकानाला काहीच म्हणत नव्हते. आईला फोनवर सांगताना जिन्याखालचे काका म्हणायचे, एवढंच. रागाच्या भरात मी तेच इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, फक्त काका हा शब्द सरकारला बरा दिसणार नाही म्हणून तिथं बॅग वर्क्स घातलं. जिन्याखालचे बॅग वर्क्स. बटण दाबलं आणि प्रमाणपत्र आलं. काकांनी ते दोनदा वाचलं आणि झकास म्हणाले.

माझी चूक मला घरी जाताना बसमध्ये कळली. मॅनेजर सोमवारी गल्लीत जाऊन विचारणार की या दुकानाचं नाव काय. आणि अख्ख्या कोरमंगल्यात त्या दुकानाला जिन्याखालचे म्हणणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मी. मला तर तोंड उघडायची बंदी. नोंदणीतलं नाव बदलायला जावं तर तेवढे दिवस हातात नव्हते. एका माणसाची चाळीस वर्षांची जागा मी घाईघाईत घालवून बसले होते. त्या दिवशी जेवणात माझं लक्ष नव्हतं.

शनिवारी मी जिन्याखाली धावले आणि काकांना चूक कबूल केली. मग एक आगाऊ सल्लाही दिला. समोरची चहावाली अक्का, झेरॉक्सवाला आणि वॉचमन, या तिघांना नाव पढवून ठेवा, सोमवारी विचारलं की म्हणतील. काकांनी आरी खाली ठेवली. माझ्यावर ते रागावलेले मी तेवढेच एकदा पाहिले.

"पढवलेलं नाव हाक मारल्यावर ओ देत न्हाई, अक्का," ते म्हणाले. "खोटं बोलून जागा ठेवायची, तर मग लॉकर काय वाईट?"

मी जायला उठले. निघताना त्यांनी उगाच विचारल्यासारखं विचारलं की मॅनेजरसाहेब सोमवारी येताना बॅग आणतील ना. फाइल असते, आणतीलच, असं मी म्हटलं. तेव्हा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.

सोमवारी दुपारी आम्ही निघालो. मॅनेजरांच्या खांद्याला त्या शिबिरात मिळालेली बॅग होती, काळी, आणि तिच्यावर हातभर अक्षरांत शिबिराचं नाव. तिची चेन महिन्याभरातच गेली होती आणि तोंड दोन मोठ्या क्लिपांनी बंद केलेलं होतं. साहेबांनी गल्लीत वही काढली आणि पद्धतशीर चौकशी सुरू केली. चहावाली अक्का म्हणाली, बॅग अण्णा अंगडी, म्हणजे बॅग अण्णाचं दुकान. झेरॉक्सवाला म्हणाला, लकी झिप. वॉचमन बिचारा नवीन होता, तो म्हणाला, अंडरग्राउंड. साहेबांनी तिन्ही नावं एकाखाली एक लिहिली. काका जिन्याखाली बसून कुणाच्या तरी ट्रॉलीचं चाक फिरवत होते, त्यांनी मान वर केली नाही. मी जिन्याच्या पायऱ्या मोजत उभी होते.

साहेबांनी वही मिटली आणि सॉरी म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी फाइल बॅगेत कोंबली आणि त्या धक्क्यानं एक क्लिप उडाली, जमिनीवरून टणटण करत गेली आणि काकांच्या पायाशी थांबली.

काकांनी क्लिप उचलली, बॅगेकडे बघितलं आणि वर्तमानपत्र पसरलं. साहेबांनी मला विचारलं, हे काय. मला बोलायची बंदी होती, म्हणून मी खुणेनंच सांगितलं की उलटी करा. बँकेचे मॅनेजर जिन्याखाली वाकून स्टुलावर बसले आणि त्यांनी बॅग उलटी केली. फाइल, डबा, रक्तदाबाच्या गोळ्या, शिबिराचं पुस्तक अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं आणि लहान मुलीचा एक मोजा. मोजा बघून साहेब ओशाळले. नात लखनौला असते, एवढंच म्हणाले. काकांनी मोजा उचलून वेगळ्या कोऱ्या कागदावर ठेवला आणि थेट चेनकडे वळले.

दहा मिनिटांत चेनची सरकती कडी, म्हणजे रनर, बदलून झाला. मेणबत्ती चोळून झाली. साहेबांनी चेन एकदा ओढली, मग उगाच तीनदा ओढली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नको नको म्हणत समाधान आलं. मग त्यांनी बिल मागितलं. आमच्याकडे अधिकाऱ्यांना बॅगेचा खर्च मिळतो, पण बिलावर दुकानाचं नोंदणीकृत नाव असेल तरच. या नियमाचं परिपत्रक शाखेत साहेबांनीच सहीनिशी काढलं होतं.

काकांनी पॅड घेतलं, कार्बन सरळ केला, काम लिहिलं आणि पेन वरच्या रिकाम्या जागेवर टेकवलं.

"साब, ऊपर क्या लिखूँ?"

साहेब नियमाचे पक्के. त्यांनी फाइल उघडली, प्रमाणपत्र काढलं आणि नाव एकेक अक्षर तोडून वाचून दाखवलं. जी-न्या-खाल-चे. काकांनी तितक्याच सावकाश ते वळणदार अक्षरात लिहिलं आणि बिल फाडून दिलं. साहेबांनी बिल प्रमाणपत्राशी ताडून पाहिलं आणि बरोबर आहे म्हणून मान डोलावली. आणि मग तशीच थांबवली. त्यांच्या एका हातात सरकारी कागद होता, दुसऱ्या हातात दुकानाचं बिल. दोन कागद आणि एकच नाव. मी भिंतीकडे बघत राहिले, कारण कुणाच्याही तोंडाकडे बघितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

साहेबांनी दोन्ही कागद खाली धरून विचारलं, "यह आपने जान-बूझकर किया?"

काका म्हणाले, "साब, चेन तो आपकी टूटी थी."

साहेब त्यावर हसले नाहीत. त्यांनी वही पुन्हा उघडली, तीन नावांच्या खाली चौथं नाव लिहिलं, जिन्याखालचे, साक्षीदाराच्या जागी ग्राहक असं घातलं आणि सही केली. मोजा खिशात ठेवला. साडेचारला खाते क्रमांक आला आणि पाचच्या आत काकांनी तो इमारतीच्या ऑफिसात नेऊन दिला. लॉकर दुसरीकडे, पार्किंगमध्ये बसले.

मागून मी काकांना छेडलं, क्लिपा तुम्ही कधी बघितल्या होत्या? "डबा घेऊन आलो त्याच दिवशी," ते म्हणाले. "साहेबांच्या केबिनात लटकत हुती, मोठ्या अक्षरांची बॅग. सोमवारपर्यंत क्लिपा टिकत्यात का न्हाई, एवढाच घोर लागलावता." मी मात्र तीन दिवस जीव मुठीत धरून बसले होते. ते आठवून मला त्यांचा फार राग आला आणि त्याहून जास्त प्रेम वाटलं.

पुढं त्या बदलीच्या अर्जावर मी तारीख घातली. पुण्याला आले. दोन वर्षांनी कामासाठी पुन्हा बेंगळुरूत गेले, जवळच्याच एचएसआर भागात उतरले होते, आणि बॅगेची चेन अगदी शहाण्यासारखी पहिल्याच दिवशी गेली. मी त्या गल्लीत गेले. चहाच्या टपरीवर अक्काची सून होती, ती मला ओळखत नव्हती. इमारतीला नवा रंग आणि नवा दरवाजा होता, म्हणून मी घोटाळले आणि तिला विचारलं की बॅगा दुरुस्त करणारे अण्णा कुठं बसतात. ती कन्नडमध्ये, ख चा क करत म्हणाली, म्हणजे जिन्याकालचे ना, ते काय, आत डावीकडे. मॅनेजरसाहेबांनी सगळी शाखा त्या बिलाच्या नावानं तिकडं पाठवली होती, शाखेनं घरच्यांना पाठवलं होतं. माझ्या एकटीच्या तोंडचा शब्द गल्लीच्या तोंडी बसला होता. मला एकदम भरून आलं.

तरी खोडी काढल्याशिवाय राहवलं नाही. मी तिला विचारलं, जिन्याखालचे म्हणजे काय? ती म्हणाली, त्यांचं आडनाव आहे. निपाणीकडचं फार जुनं घराणं आहे म्हणे, बँकेतसुद्धा सगळे मान देतात.

काका तसेच बसले होते, तिरक्या जागेत, पाटी न लावता. मी त्यांना सांगितलं की बाहेर तुमचं घराणं निघालंय. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं. लोकांनी ठेवलंय, मी कशाला न्हाई म्हणू, असं पुटपुटत ते माझ्या बॅगेतून पडलेला ढीग वाचू लागले. चेन झाली, मेणबत्ती झाली. त्यांनी पॅड घेतलं, पेन टेकवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"वर काय लिहू, अक्का?"

"नीट लिहा हं," मी म्हटलं. "जुनं घराणं आहे."